सासूबाईंचा उजवा शंख

आमच्या अमळनेरच्या देवघरात पंधरा-सोळा वर्षांपासून एक शंख आहे. कापसाचे पैसे आले त्या वर्षी सासूबाईंनी एका यात्रेतल्या दुकानातून अकरा हजारांना घेतला. "हाऊ शंख उजवा शे, लक्ष्मी ना," असं म्हणत लाल कापडात गुंडाळून आणला होता. दुकानदाराने सांगितलं होतं, हा दक्षिणावर्ती आहे, कानाला लावा, ॐकार ऐकू येईल. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने कानाला लावला आणि प्रत्येकाला आवाज आला.

यंदा फेब्रुवारीत लेकीकडे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पाला होते. एका शनिवारी तिने आणि जावयांनी पहाटेच गाडी काढली. सॅनिबेल बेटावर जायचं होतं, तेही ओहोटी गाठून. अडीच-तीन तासांचा रस्ता आणि शेवटी समुद्रावरचा लांब पूल. २०२२ च्या सप्टेंबरात आलेल्या इयान वादळाने हाच रस्ता जागोजागी तोडला होता, बेटाचा जमिनीशी संबंधच तुटला होता. वादळाच्या खुणा अजून दिसतात.

या बेटावर शिंपले इतके का? फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतची बहुतेक बेटं उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत, हे मात्र पूर्व-पश्चिम आडवं पडलंय. मेक्सिकोच्या आखातातून वाहत येणारे शिंपले त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर सुपात धान्य जमावं तसे जमतात. पायाखाली वाळू कमी आणि शिंपले जास्त. चालताना कुरकुर आवाज येतो. सगळी माणसं कमरेत वाकलेली. त्या वाकण्याला तिथे 'सॅनिबेल स्टूप' असं नावच आहे. मला आपल्याकडच्या कापूस वेचणाऱ्या बायांची रांग आठवली. तशीच नजर खाली, तसाच हात चालू. जुनोनिया नावाचा ठिपक्याठिपक्यांचा दुर्मिळ शंख ज्याला सापडतो त्याचा फोटो म्हणे तिथल्या पेपरात छापून येतो.

नातीला आधी एक विचित्र माळ सापडली. वाळलेल्या, कागदासारख्या चकत्या एका दोऱ्यात ओवाव्यात तशी. हलवली की खुळखुळ वाजायची. एक चकती उघडली तर आत मोहरीपेक्षा जरा मोठे शंख, पूर्ण घडलेले, आणि प्रत्येकाचं तोंड डावीकडे! जावई म्हणाले, ही लाइटनिंग व्हेल्क नावाच्या मोठ्या शंखाची अंडी. मग थोड्या वेळाने गुडघाभर पाण्यात मला त्याची आई म्हणावी असा मोठा शंख दिसला. उचलला आणि हात तिथेच थांबला. हुबेहूब आमच्या देवघरातला. तसाच आकार, तसंच उलटं वळण.

लेक ओरडली, "आई, आत बघ आधी!" आत काळसर मांसल जीव होता. माझ्या डोळ्यांदेखत तो आत सरकला आणि नखासारखं तपकिरी झाकण त्याने दारासारखं लावून घेतलं. सॅनिबेलवर १९९५ पासून जिवंत शंख-शिंपला उचलून नेण्यावर बंदी आहे. रिकामा असेल तर न्या, आत कोणी असेल तर होता तिथे अलगद ठेवा. मी ठेवला. तळहातावर त्याचं वजन मात्र बराच वेळ राहिलं.

परतताना गाडीत हाच विषय. डावं-उजवं नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथेच होते. शंखाचं वेटोळ्यांचं टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं की बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे येतं. आपला पूजेचा शंखही तसाच. लाखांत एखादाच उलटा निघतो, त्याचं तोंड डावीकडे. आपण मात्र शंख उलटा, दुसऱ्या बाजूचा निमुळता भाग वर करून धरतो, म्हणून तोच आपल्याला उजवा दिसतो आणि दक्षिणावर्ती ठरतो. तो खरा शंख मन्नारच्या आखाताकडचा, श्रीलंकेकडचा. अमेरिकेतल्या लाइटनिंग व्हेल्कची तर जातच उलट्या वळणाची, हजारो मिळतात. तेच आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून विकले जातात.

ओळखायचं कसं? तोंडातून बोट घालून आतल्या मधल्या खांबावर फिरवा. आपल्या खऱ्या शंखाला तिथे ठळक आडव्या वळ्या लागतात, तीन-चार तरी. व्हेल्कचा खांब गुळगुळीत लागतो. आणि ॐकार कुठल्याही पोकळ शंखात येतो, स्टीलचा पेला कानाला लावला तरी येतो. आजूबाजूचाच आवाज आत घुमत असतो.

मला अकरा हजारांचा राग आहेच. त्या वर्षी कापसाला काय भाव होता आणि निंदणीला किती गेले ते मला माहीत आहे. श्रद्धाळू बाईच्या पदराच्या गाठीवर डोळा ठेवून कोणी धंदा करावा, हे मला सहन होत नाही. पण त्याहून जास्त टोचतं ते झाकण. बाजारातला तुकतुकीत, टवका न उडालेला शंख बहुतेक वेळा किनाऱ्यावर वाहून आलेला नसतो. जिवंत पकडून, आतला जीव काढून तो आलेला असतो. लाटांनी आणलेला शंख झिजलेला असतो, फिका पडतो, भोकं पडलेली असतात. आपण तो खोटा म्हणून बाजूला ठेवतो आणि चकचकीत मागतो.

घरी आल्यावर देवघरातल्या शंखात बोट घातलं. गुळगुळीत. सासूबाईंना सांगावं की नाही, यात चार दिवस गेले. वय ब्याऐंशी. शेवटी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला, तो दार लावून घेणारा. त्यांनी दोनदा पाहिला. पैशांचं काही बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मंग ह्यामातला जीव कोठे गया?"

शंख अजून देवघरात आहे. त्यांनीच ठेवलाय, रोज पाणीही घालतात. गेल्या महिन्यात मात्र शेजारची सून तसाच शंख घ्यायला निघाली, तेव्हा सासूबाई स्वतः काठी टेकत तिच्या ओट्यावर गेल्या आणि तिला बोट घालून बघायला शिकवून आल्या.