‘फुल फंडेड पीएचडी’च्या मेसेजबाबत खुलासा

पुण्यातल्या भूगोल-सिव्हिलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘गरीब देशांतल्या आपत्तींवर परदेशात फुल फंडेड पीएचडी, सगळे भारतीय पात्र, फी भरून जागा पक्की करा.’ यात बरीच सरमिसळ आहे. जागतिक बँक भारताला निम्न-मध्यम उत्पन्न गटात धरते. संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीत मात्र भारत नाही. म्हणजे शिष्यवृत्ती कोणती यादी मानते, त्यावर पात्रता ठरते. शिवाय काही ठिकाणी गरीब देश हे फक्त अभ्यासक्षेत्र असतं, अर्जदार कुठलाही चालतो. आणि पैसे भरून जागा पक्की? छे! निवड होते ती संशोधन प्रस्तावावर. ‘दरडींचा अभ्यास’ एवढ्याने भागत नाही. पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर कोसळलेल्या दरडीवर (३० जुलै २०१४) लिहायचं तर पाऊस, उतार की पुनर्वसन, हे आधी ठरवा, मग मार्गदर्शकाला मेल टाका.