वर्ल्ड रेकॉर्डचा घोस्ट बंद करा, भावाचा लावा

रेसिंग गेममध्ये कॉर्नर कसा मारायचा हे जगातल्या एक नंबरच्या माणसाचा लॅप, म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण फेरी, बघून येत नाही, हे माझं ठाम मत आहे, आणि ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल खाली येऊन भांडावं. शिकायचं असेल तर आपल्यापेक्षा थोडासाच फास्ट माणूस लागतो. तोही ओळखीचा, ज्याच्याकडून हरलं की जेवताना पण तेच डोक्यात फिरत राहतं असा. माझ्या बाबतीत तो माझा मामेभाऊ. कोल्हापूरला असतो, वयाने लहान आहे, आणि ग्रॅन टुरिझ्मो ७ मध्ये सुझुकाला, म्हणजे जपानमधल्या त्या ट्रॅकवर, माझ्यापेक्षा कायम दोन-तीन दशांश सेकंदाने पुढे असतो, ज्याचा मला मनापासून राग येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घोस्ट म्हणजे कुणीतरी आधी मारलेला लॅप, तो आपल्यासमोर अर्धपारदर्शक गाडी बनून पळतो. धडक लागत नाही, आरपार जाता येतं. आता बरेच जण काय करतात, लीडरबोर्ड (सगळ्यात फास्ट वेळांची यादी) उघडतात, सगळ्यात वरच्या माणसाचा घोस्ट डाउनलोड करतात आणि त्याच्या मागे लागतात. तो लॅपला चार सेकंद फास्ट. म्हणजे सुरुवातीची चार वळणं होईपर्यंत तो डोंगराआड गायब, आणि पुढचा अख्खा लॅप तुम्ही एकटेच. शिकणार काय, कपाळ? आणि तो दिसला तरी तो जिथे ब्रेक मारतोय तिथे तुम्ही मारलात तर थेट वाळूत, कारण त्या उशिरा मारलेल्या ब्रेकच्या आधी आणि नंतर त्याने हाताने-पायाने जे केलंय ते तुम्हाला अजून येतच नाही.

याउलट तीन दशांश फास्ट असलेला घोस्ट. ताशी १०० च्या वेगाला ०.३ सेकंद म्हणजे जेमतेम ८ मीटर, दोन गाड्यांची लांबी. अख्खा लॅप तो नाकासमोर असतो. कुठे सरकला, कुठे कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या रंगीत पट्टीवर) चढला, गॅस कधी दिला, सगळं दिसतं. आणि मुख्य म्हणजे तो जे करतोय ते आपल्याला जमण्यासारखं असतं, फक्त आपण करत नसतो.

इथे एक गंमत आहे जी मला बऱ्याच उशिरा कळली आणि माझ्यासोबत खेळणाऱ्या निम्म्या लोकांना अजून कळलेली नाही. हेअरपिनला, म्हणजे जवळपास उलटं फिरवणाऱ्या हळू वळणाला, पुढची गाडी आपल्या जवळ येते. आपल्याला वाटतं, वा, कॉर्नरमध्ये मी याच्यापेक्षा भारी आहे, हा फक्त सरळ रस्त्यावर पळतो. तसं काही नसतं भावा. ०.३ सेकंदाचं अंतर ताशी २०० ला साधारण १७ मीटर असतं, तेच ताशी ६० ला ५ मीटर होतं. सेकंद तेवढेच, मीटर कमी. तो आधी हळू होतो म्हणून जवळ दिसतो, आणि तो आधी वेग घेतो म्हणून नंतर लांब पळतो. खरं काय चाललंय ते बघायचं तर मीटर सोडून स्क्रीनवरच्या डेल्टाचा, म्हणजे दोघांमधल्या सेकंदांच्या फरकाचा, आकडा बघायचा. मामेभाऊ हेअरपिनला माझ्यापेक्षा आधी ब्रेक मारतो. आधी! मी त्याच्या डिकीत घुसायच्या बेतात असतो आणि तरी बाहेर पडताना डेल्टा वाढलेला असतो. हे चारदा बघितल्याशिवाय 'स्लो इन, फास्ट आउट' हे वाक्य कितीही वेळा वाचा, आत उतरत नाही.

आता लाइनबद्दल, म्हणजे वळणात गाडी रस्त्याच्या कुठल्या भागातून न्यायची ते. बाहेरून आत, आतून परत बाहेर, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं पण का ते विचारलं की गप्प. साधं गणित आहे. वळणात किती वेग पेलतो हे वळणाच्या त्रिज्येच्या वर्गमुळावर ठरतं. डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणारा जोर) नसलेली साधी गाडी आणि बरे टायर धरले तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ढोबळ मानाने ताशी ८० पर्यंत जाता येतं, आणि रस्त्याची सगळी रुंदी वापरून तेच वळण १०० मीटर त्रिज्येचं केलं तर ११० च्या वर. गाडी तीच, टायर तेच, फक्त रस्ता पूर्ण वापरला. म्हणून बाहेरच्या पांढऱ्या रेषेला चिकटून सुरुवात करायची आणि बाहेर पडताना पण पार त्या टोकापर्यंत गाडी जाऊ द्यायची. बाहेर पडताना बाजूला एक गाडी मावेल इतका रस्ता उरला असेल तर समजायचं की वेग उरला होता.

पण वळणानंतर लांब सरळ रस्ता असेल तर अगदी गोल लाइन पण चुकते. मग एपेक्स थोडा उशिरा घ्यायचा, म्हणजे आतल्या कडेला नेहमीपेक्षा पुढे जाऊन शिवायचं, तोवर गाडीचं तोंड बऱ्यापैकी सरळ झालेलं असतं आणि गॅस लवकर देता येतो. वळणात गेलेला एखादा दशांश सरळ रस्त्यावर व्याजासकट परत येतो, कारण तिथला जास्तीचा वेग पुढच्या ब्रेकपर्यंत तुमच्यासोबत राहतो.

(हे घाटात करायला जाऊ नका. सिरियसली सांगतोय. ट्रॅकवर सगळा रस्ता आपला असतो, खंबाटकीत समोरून ट्रक येतो.)

ट्रेल ब्रेकिंगवर तर मी तासभर बोलू शकतो, घरचे साक्षीदार आहेत. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. सगळा ब्रेकवर उधळला तर स्टेअरिंगला द्यायला काही उरत नाही, गाडी सरळच जाते, तुम्ही कितीही वळवा. अंडरस्टिअर म्हणतात तो हाच. म्हणून आधी सरळ रेषेत जोरात ब्रेक, मग जसजसं स्टेअरिंग वाढेल तसतसा ब्रेक हळूहळू सोडत जायचा, एकदम नाही. थोडा ब्रेक राहिल्यामुळे वजन पुढच्या चाकांवर असतं, पुढची चाकं रस्त्यात रुततात आणि नाक आत येतं. जास्त केलं की मागची बाजू हलकी होऊन गाडी गिरकी घेते, ते पण होईल, होऊ द्या. आणि यासाठी स्टेअरिंग व्हील, पेडल सेट वगैरे हजारो रुपयांचा सेटअप लागतो असं जे सांगतात त्यांचं ऐकू नका. कंट्रोलरचं ट्रिगर बोटाने मिलिमीटर मिलिमीटरने सोडता येतं. मामेभाऊ कंट्रोलरवरच खेळतो. माझ्याकडे व्हील आहे. (हा विषय इथेच संपवू.)

सुझुकाचं नाव घेतलंच आहे तर तिथल्या एस कर्व्ह्जबद्दल बोललंच पाहिजे, कारण माझ्या मते कॉर्नरिंगची परीक्षा घेणारा यापेक्षा चांगला तुकडा कुठल्याच गेममध्ये नाही. ५.८०७ किलोमीटरचा ट्रॅक, आठच्या आकड्यासारखा, १९६२ पासूनचा. पहिली दोन उजवी वळणं संपली की डावं-उजवं-डावं-उजवं अशी माळ लागते, तीही चढावर. यात एक वळण छान मारून उपयोग नाही. पहिल्यात हिरोगिरी करून पूर्ण बाहेर गेलात की दुसऱ्याला चुकीच्या बाजूला असता, तिसऱ्याला अजून चुकीच्या, आणि चौथ्याला थेट गवतात. प्रत्येक वळणात थोडं सोडायचं, गाडी पुढच्याच्या तयारीत ठेवायची, म्हणजे शेवटी डनलॉप नावाच्या वळणाच्या चढावर गॅस पूर्ण देता येतो. मी एकटा खेळायचो तेव्हा मला हे कळायचा मार्गच नव्हता, कारण पहिल्या वळणात मी खरंच फास्ट होतो आणि वेळ कुठे जातोय ते दिसत नव्हतं. घोस्ट लावल्यावर दिसलं की पहिल्या वळणात मी त्याला गाठतो आणि चौथ्यापर्यंत तो निघून गेलेला असतो. मग फोन लावला, शिव्या दिल्या, आणि विचारलं काय करतोस. तो म्हणाला पहिल्याला गॅस कमी देतो. बास, एवढंच. हे मला लीडरबोर्डवरच्या कुठल्या जपानी पोराने फोनवर सांगितलं असतं का?

गेम बनवणाऱ्यांना पण हे कधीचं कळलंय. २०१० च्या नीड फॉर स्पीड हॉट परसूटमध्ये क्रायटेरिअन कंपनीने ऑटोलॉग आणलं, त्यात जगाच्या यादीपेक्षा तुमच्या मित्रांची यादी आधी तोंडावर यायची, अमक्याने तुमची वेळ मोडली, बघा. बाकी त्या गेममध्ये बरंच काही होतं पण मित्राने अर्ध्या सेकंदाने मागे टाकलंय हे वाचून जो माणूस 'एकच लॅप' म्हणून रात्री दीडपर्यंत बसायचा तो या ऑटोलॉगमुळेच. फोर्झावाले त्याच्याही पुढे गेले, २०१३ च्या फोर्झा मोटरस्पोर्ट ५ मध्ये ड्रायव्हाटार क्लाउडवर टाकले, म्हणजे मित्र ऑफलाइन असला तरी त्याच्या चालवण्यावरून शिकलेली कॉम्प्युटरची गाडी त्याच्या नावाने तुमच्या रेसमध्ये. तरी तो खरा तो नसतो. जिंकल्यावर चिडवता येत नाही ना.

आणि आमची पिढी आठवा, सायबर कॅफेवाली. नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड, २००५. बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर, ब्लॅकलिस्टचे पंधरा जण, शेवटी रेझर. गेम म्हणून मी त्याच्यावर जीव टाकतो, पण कॉर्नरिंगच्या दृष्टीने त्या गेमने आपल्याला पार बिघडवलं हे मान्य करा. कीबोर्डवर अॅरो की म्हणजे एक तर पूर्ण वळवा नाहीतर अजिबात नको, मधलं काही नाही. वळण आलं की बाहेरच्या भिंतीला घासत जायचं, भिंतच गाडी वळवून द्यायची. वर तो कॅच-अप! तुम्ही सगळं चोख मारून पुढे गेलात तरी मागचे रबर लावल्यासारखे परत डिकीला. मग माणूस चोख मारेल कशाला? जे अंतर कमवलं ते टिकतच नसेल तर कुठलं वळण चांगलं गेलं आणि कुठलं वाईट हे कळणार कसं? मित्रांच्या रेसमध्ये मी कॅच-अप आणि बूस्ट (मागच्या गाडीला फुकटचा जास्तीचा वेग) ठेवू देत नाही ते यासाठीच. लोक म्हणतात अरे मजा येते, सगळे जवळ राहतात. जवळ राहायचं असेल तर फास्ट माणसाला हळू गाडी द्या ना, सगळ्यांना खोटं का खेळवायचं.

भिंतीवरून आठवलं, रॉस चॅस्टेन! ३० ऑक्टोबर २०२२, मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक, नॅसकार, म्हणजे अमेरिकेतली कार रेसिंगची मालिका. शेवटचा लॅप, त्याला पुढच्या फेरीत जायला दोन जागा कमी पडत होत्या. या पठ्ठ्याने शेवटच्या वळणांत पाचवा गिअर टाकला, बाहेरच्या भिंतीला गाडी चिकटवली आणि गॅस सोडलाच नाही. भिंतीने गाडी वळवली आणि तो पाच गाड्या ओलांडून बाहेर आला. नंतर सांगितलं काय, तर लहानपणी भावासोबत गेमक्यूबवर नॅसकार २००५ खेळताना ही ट्रिक बघितली होती. मी ती क्लिप किती वेळा बघितली असेल याला मोजदाद नाही. पुढच्या सीझनआधी नॅसकारने स्पष्ट केलं की यापुढे असं केलं तर पेनल्टी, आणि बरोबरच आहे. एकदा बघायला जबरदस्त, पण दर रविवारी सगळेच असं करायला लागले तर वळणाला अर्थ काय राहिला? आमच्या ऑनलाइन रूममध्ये भिंतीला घासून जागा मिळवली तर ती परत द्यायची, हा नियम त्या रेसच्या आधीपासूनचा आहे बरं का.

दुसरा नियम जागेचा. आतून नाक घातलंय आणि एपेक्सच्या आधी पुढचं चाक समोरच्याच्या आरशापर्यंत पोचलंय तर त्याला एका गाडीची जागा सोडायची. नाही पोचलं तर माघार घ्यायची, "मी येतच होतो" हे कारण चालत नाही. डाइव्ह बॉम्ब मारणारे, म्हणजे शंभर मीटर मागून ब्रेक विसरून आत उडी मारणारे, ऑनलाइन अनोळखी लॉबीत पोत्याने भेटतात आणि त्यांच्याशी खेळून माणूस एकच गोष्ट शिकतो, घाबरणं. मग तुम्ही लाइन सोडून आतून बचाव करत फिरता आणि लॅप दोन सेकंदांनी हळू जातो.

जागा सोडून पण जिवावर उठल्यासारखं लढता येतं याचा पुरावा हवा असेल तर फॉर्म्युला वनची १९७९ ची फ्रेंच ग्रांप्री बघा, डिजोनचा ट्रॅक. जिल व्हिलनव्ह फेरारीत, रेने आर्नू रेनोमध्ये. लढाई पहिल्या नंबरसाठी पण नव्हती, रेस जाबुईने जिंकली. दुसऱ्या नंबरसाठी शेवटचे काही लॅप हे दोघे चाकाला चाक घासत होते, ट्रॅकबाहेर जाऊन परत येत होते, आणि व्हिलनव्ह पाव सेकंदाच्याही आत पुढे राहिला. चाकं घासली पण कुणी कुणाला ढकलून बाहेर काढलं नाही. आणि दहा वर्षांनी त्याच माझ्या लाडक्या सुझुकाला, १९८९, सेना आणि प्रॉस्ट एकाच टीमचे, शिकेनला (वेग कमी करायला लावणाऱ्या लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) एकमेकांत अडकून उभे. चूक कुणाची यावर लोक आजही भांडतात, तुम्ही पण भांडा. मला एवढंच म्हणायचंय की डिजोन मी करमणूक म्हणून बघतो आणि ती शिकेन बघताना पोटात गोळा येतो.

तर असं. रविवारी रात्री साडेनऊला रूम उघडतोय. सुझुका, माझदा रोडस्टर, कम्फर्ट टायर (कमी पकडीचे), ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी मदत) बंद, बूस्ट बंद, डॅमेज चालू. जोर कमी असलेली गाडी मुद्दाम घेतली आहे, वळणात घालवलेला वेग तिला परत कमवता येत नाही. नवीन कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये तुमची सुझुकाची वेळ टाका, तुमच्यापेक्षा थोडा फास्ट कोण ते बघून जोडी लावून देतो. मामेभावाचं म्हणणं आहे की या वेळी जर्मनीतला नूरबर्गरिंग ट्रॅक ठेवा, वीस किलोमीटरच्या वरचा लॅप, ज्याला पाठ आहे तोच जिंकणार. त्याला पाठ आहे. म्हणून सुझुका.