प्रोसेसर शंभर टक्के: म्हापशाच्या वाचकमित्रांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी शांतपणे पुन्हा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. लाइटरूम क्लासिक हे फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरचा प्रोसेसर फार खायला लागलं तर काय करावं, यावर मी लिहिलं होतं आणि त्यात पहिलाच उपाय दिला होता: ग्राफिक्स प्रोसेसरचा (पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या भागाचा) वापर बंद करा. तुम्ही तो केलात आणि काम आधीपेक्षा संथ झालं. स्लायडर हलवला की प्रोसेसर थेट १०० टक्क्यांवर. तुम्ही लिहिलंय, 'चवथीचे अकराशे फोटो अडकलेत, गिऱ्हाईक रोज फोन करतंय, आणि तुम्ही सांगता नवीन लॅपटॉप घेऊ नका. स्वतः करून बघितल्याशिवाय सल्ले देऊ नका.'

करून बघितलं होतं, पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर. त्याचं ग्राफिक्स जुनं, ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) त्याहून जुना. चालू ठेवलं की फोटोवर काळे चौकोन यायचे. तिथे बंद करणं योग्य होतं. ही अट मी लेखात लिहिली नाही, आणि ती चूक पूर्णपणे माझी. ऐन चवथीच्या कामात तुमचे दोन दिवस गेले, याचं मनापासून वाईट वाटतं. मूळ लेख आज दुरुस्त केला आहे. तुम्ही प्रेफरन्सेसमधल्या परफॉर्मन्समध्ये जाऊन ते पुन्हा 'ऑटो'वर ठेवा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घाला.

तुमच्या प्रतिक्रियेतल्या शेवटच्या ओळीवर मात्र मी थांबलो: 'मॉनिटरसुद्धा नवा फोर-के घेतला, तरी ही गत.' त्यातल्या 'तरी'च्या जागी 'म्हणून' वाचा, बरंचसं कोडं सुटतं. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. फोर-केवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) जरासं हललं की चित्र नव्याने काढावं लागतं, आणि आता ते चौपट ठिपक्यांचं. हे ओझं उचलायला ग्राफिक्स असतं. ते माझ्या सांगण्यावरून तुम्ही बंद केलंत आणि सगळा भार प्रोसेसरवर पडला. लॅपटॉप बदलण्याआधी एकदा जुन्या मॉनिटरवर तोच फोटो, तोच स्लायडर करून बघा.

आता जिथे माझं मत कायम आहे ते सांगतो. प्रोसेसर १०० टक्क्यांवर गेला म्हणजे मशीन संपलं, असं तुम्ही धरून चालला आहात. एक्स्पोर्ट (तयार फोटो बाहेर काढणं) चालू असताना, किंवा कार्ड उतरवल्यावर प्रिव्ह्यू (पटकन दाखवायची चित्रं) तयार होताना तो तिथे जाणं स्वाभाविक आहे. प्रत्येक रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) उलगडून त्यातून रंग बांधायचे असतात. काळजीचं शंभर ते, जे तुम्ही माउस सोडून चहा प्यायला गेलात तरी खाली येत नाही.

तसं होत असेल तर लाइटरूममध्ये वर डावीकडे, जिथे नाव दिसतं, तिथे क्लिक करा. मागे गुपचूप चाललेली कामं दिसतील: सिंक, पत्ता शोधणं, चेहरे ओळखणं. यातलं चेहऱ्यांचं काम आपल्या धंद्याला फार जड जातं. शिगम्याच्या मिरवणुकीच्या किंवा जत्रेतल्या पालखीच्या एका फोटोत गर्दीतले कितीतरी चेहरे असतात, आणि ते प्रत्येक चेहरा शोधत बसतं. तिथूनच ते थांबवता येतं. फोटो उतरवताना अँटिव्हायरसही प्रत्येक फाइल तपासतो. कॅटलॉग (लाइटरूमची नोंदवही) आणि प्रिव्ह्यूचं फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा. कार्ड मात्र वगळू नका. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हचं तर नावच नको.

आणि एक गोष्ट मी लेखात लिहिलीच नव्हती. गोव्यात काम करणाऱ्याने तीच आधी बघायला हवी: उष्णता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. टक्क्यांखाली 'स्पीड' दिसेल आणि बाजूला 'बेस स्पीड', म्हणजे प्रोसेसरचा ठरलेला मूळ वेग. एक्स्पोर्ट लावा आणि दहा मिनिटं त्या स्पीडकडे बघत बसा. वापर १०० टक्के आणि स्पीड बेसच्या खाली, असं दिसलं तर प्रोसेसर दमलेला नाही, बहुधा तापलेला आहे. बहुतेक लॅपटॉपांत तो १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मग तेच काम जास्त वेळ घेतं, आणि आपण सॉफ्टवेअरला दोष देत राहतो.

माझ्याकडे गेल्या मे महिन्यात हेच झालं. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. दुसऱ्याकडे उघडून घेतला तर पंख्याच्या तोंडाशी धूळ आणि धागे मिळून जाडसर गादी झाली होती. दमट हवेत धूळ सुटी राहत नाही, चिकटून बसते. ती काढली, प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली, आणि तोच लॅपटॉप आजही माझ्यासमोर आहे. म्हणून मी नवीन घेऊ नका म्हणतो. लॅपटॉप गादीवर किंवा चादरीवर ठेवत असाल तर आजपासून बंद करा. चार्जर मूळचाच आहे ना, तेही बघा. कमी वॅटचा असेल तरी वेग पडतो. पावसात वीज गेली की आपण बॅटरीवर काम रेटतो, तेव्हाही पडतो.

अकराशे फोटोंसाठी असं करा. आज रात्री सगळ्यांचे स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे मूळ फोटोंच्या लहान प्रती, तयार करायला लावा आणि परफॉर्मन्समध्येच मूळ फोटोंऐवजी ते वापरण्याची खूण करा. स्मार्ट प्रिव्ह्यूची लांब बाजू २५६० ठिपक्यांची असते. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे लांब बाजू ६००० ठिपके; एकूण ठिपके साडेपाच पट कमी होतात. रंग, उजेड, क्रॉप यावर आरामात होईल. शार्पनेस आणि नॉइज (दाणेदारपणा) मात्र मूळ फोटोवरच तपासा. माटोळीचे (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचे) फोटो घरातल्या मंद उजेडात, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) वाढवून काढलेले असणार, म्हणून हे मुद्दाम सांगतो. एआयवालं डिनॉइज सरसकट लावू नका. गिऱ्हाइकाने निवडलेल्यांनाच लावा, कारण ग्राफिक्स कमकुवत असेल तर एकेका फोटोला काही मिनिटं जातात. एक्स्पोर्ट रात्री लावा, लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून.

स्पीड आणि बेस स्पीड, हे दोन आकडे उद्या इथेच लिहा. रॅम किती आहे तेही लिहा. ८ जीबी असेल तर १६ करण्याचा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने फार थोडा आहे, फक्त तुमच्या मॉडेलमध्ये ती बदलता येते का ते आधी बघावं लागेल. आकडे आले की पुढचं सांगतो. चूक दाखवलीत, देव बरें करूं.