वणवा लावताना घ्यायची काळजी

आधी मुहूर्त. पावसाळ्यात रानात चूल पेटवणं म्हणजे काडेपेटीची नासाडी. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ धरतं, म्हणजे तारखासुद्धा सरकारनंच काढून दिल्यात. मुंबईकराला तेवढंही थांबायला नको. पावसानं कमरेएवढं वाढवलेलं गवत दिवाळीनंतर कडकडीत वाळतं. २०१८ साली गोरेगाव पूर्वेचा डोंगर ३ डिसेंबरलाच पेटला आणि पहाटेपर्यंत जळत होता. बंब आले होते हो, पण बंबाला डोंगर कुठं चढता येतो?

जागा पायथ्याची धरा. चढावर आगीच्या ज्वाळा पुढचं गवत आधीच तापवून ठेवतात, म्हणून ती वर धावत सुटते. तुम्ही खाली चिकन भाजा, वरचं ती बघून घेईल. तीन दगड, वाळक्या काटक्या, मसाला लावलेला डबा. पाणी प्यायचं तेवढंच न्या. विझवायला वेगळा कॅन नेणं शोभत नाही. निघताना चपलेनं थोडी माती ढकलली की आतला निखारा सुखरूप राहतो. वारा सुटेपर्यंत तुम्ही बोरिवली लोकलमध्ये असता. वनखातं गवत काढून जाळरेषा आखतं, आग तिथं अडावी म्हणून. सिगारेट त्या पट्ट्यापलीकडे फेकायची, एवढं भान ठेवा.

आणि रातव्याचा विचार करू नका. जो पक्षी घरटं न बांधता उघड्या जमिनीवर अंडी घालतो, त्यानं तक्रार कशाला करावी?

डोंगरापर्यंत जाणं होत नसेल, तर सोसायटीचा पालापाचोळा आहेच. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, असं हरित लवादानं २०१६ साली सांगितलं. आमच्याकडे दर रविवारी ढीग पेटतो, धुरानं डास जातात म्हणून. डास आहेत तिथंच आहेत, दंडाची पावती मात्र अजून कुणी पाहिलेली नाही. त्याच वर्षी जानेवारीत देवनारचं डम्पिंग ग्राउंड असं धुमसलं की धूर उपग्रहाच्या चित्रात दिसला. पोरांना शाळेची सुट्टी मिळाली ती वेगळीच.

वणवा दिसलाच, तर आधी रील. मग वाटलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन. तोवर वनरक्षक हिरव्या डहाळ्या घेऊन आग झोडपत असतील. त्यांना जरा बाजूला व्हायला सांगा, फ्रेममध्ये येतात.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवीची झुडपं आठ वर्षांतून एकदा फुलतात. २०२४ साली फुलून गेली, आता २०३२ च्या सुमारास. फोटो काढायला सहकुटुंब या. जागा शोधावी लागणार नाही, तुमचे तीन दगड तिथंच असतील.