‘सांगितलं म्हणून मुलं खचतात’ हे खोटं आहे

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक दावा पुन्हा पुन्हा फिरतो: समलिंगी मुलंमुली हल्ली घरी सगळं सांगून टाकतात, म्हणून नैराश्यात जातात. गप्प राहिली असती तर तीही सुखात राहिली असती आणि आईबापही. त्याच ग्रुपमध्ये असलेलं एखादं पोर हे वाचून आणखी मिटून जातं, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

गप्प राहण्यात सुख असतं? जोडीदाराचा नंबर ‘प्लंबर’ म्हणून सेव्ह करायचा. जेवताना फोन वाजला की ताटाशेजारी पालथा घालायचा. शनिवारी कुठे होतो याचं आईला दिलेलं उत्तर ताईलाही जसंच्या तसं देता यावं म्हणून लक्षात ठेवायचं. लग्नघरात मावशी ‘आता तुझा नंबर हं’ म्हणाली की हसायचं. वर्षानुवर्षं हेच. शरीराला हे कळत असतं. मॉन्ट्रियलमध्ये रॉबर्ट-पॉल जस्टर यांच्या गटाने 2013 साली साधारण पंचविशीतल्या 87 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या समलिंगी आणि उभयलैंगिक तरुणांपैकी ज्यांनी घरी आणि मित्रांना सांगितलं होतं, त्यांच्यात सकाळी उठल्यानंतर अर्ध्या तासाने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक न सांगितलेल्यांपेक्षा कमी आढळलं. चिंता-नैराश्याची लक्षणंही कमी. अभ्यास लहान आहे, आणि मुळात बऱ्या स्थितीतलेच सांगायला धजावले असतील, हेही शक्य आहे. पण सांगण्यानेच माणूस खचत असता, तर चित्र उलटं दिसायला हवं होतं.

मग काही मुलं सांगितल्यावर खचतात ती कशाने? त्यानंतर घरात जे होतं त्याने. बोलणं टाकतात, मोबाईल काढून घेतात, घाईघाईने स्थळं बघतात, ‘बाबांना अटॅक आला तर तू जबाबदार’ म्हणतात. कॅलिफोर्नियात कॅटलिन रायन यांनी 21 ते 25 वयाच्या 224 समलिंगी आणि उभयलैंगिक तरुणांची माहिती घेतली होती (2009). किशोरवयात घरच्यांनी कडाडून नाकारलेल्यांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता, फारसं न नाकारलेल्यांच्या तुलनेत 8.4 पट निघाली. तीव्र नैराश्याची 5.9 पट. हे आकडे मला प्रत्येक आईबापासमोर ठेवावेसे वाटतात.

‘चांगल्या डॉक्टरकडे न्या, सुधारेल’ हा सल्ला तर धोक्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 सालीच काढली. असा ‘इलाज’ करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली जाहीर केलंय.

याचा अर्थ प्रत्येकाने आजच सांगावं, असा मुळीच नाही. फी घरून येत असेल, मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल, तर थांबणं शहाणपणाचं. आधी भरवशाची एक मैत्रीण किंवा समजूतदार मामा पुरे. कधी आणि कुणाला सांगायचं हे त्या मुलानेच ठरवायचं. त्याच्या वतीने घरी ‘बातमी’ पोचवण्याचा हक्क कुणालाच नाही. फारच कोंडी झाली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी मोफत नंबर आहे.