निकोबारी कबूतर म्हणजे ‘परत आलेला डोडो’ नव्हे

व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरतोय. हिरव्या-तांबूस झळाळीचं, मानेवर लांब पिसांची झूल असलेलं कबूतर. खाली मजकूर: ‘डोडोचा वंशज परत आला! याला उडता येत नाही. इंद्रधनुष्याचे सगळे रंग पिसांत भरलेला हा पक्षी जगात फक्त निकोबारला सापडतो.’ पक्षी खरा आहे. मजकूर मात्र जवळपास सगळा चुकीचा आहे, आणि या पक्ष्यावर माझा जीव असल्यामुळे मला गप्प बसवत नाही.

आधी वंशाचं बघू. २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डोडोच्या डीएनएचा अभ्यास छापून आला. आज जिवंत असलेल्या पक्ष्यांत निकोबारी कबूतर डोडोला सर्वांत जवळचं आहे, असं त्यात दिसलं. पण जवळचं म्हणजे भाऊबंदकीतलं, आणि या भाऊबंदांच्या वाटण्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच झालेल्या. मॉरिशसचा डोडो सतराव्या शतकात निर्वंश झाला. चुलत घरातलं पोर दाखवून ‘आजोबा परत आले’ असं आपण म्हणतो का?

उडता येत नाही, हे तर पार उलटं. हे कबूतर दिवसा जमिनीवर पालापाचोळ्यात बिया, फळं टिपत हिंडतं, म्हणून तसा समज होत असेल. पण थवे रात्री निजायला शत्रू नसलेल्या लहान बेटांवर जातात आणि चरायला समुद्र ओलांडून मोठ्या बेटांवर येतात. २०१७ साली एक कबूतर थेट पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सापडलं होतं! याची आखूड शेपटी पांढरीशुभ्र असते. पहाटे-संध्याकाळी समुद्रावरून जाताना मागच्याला पुढचा दिसावा म्हणून ती उपयोगी पडत असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पिल्लांची शेपटी काळपट असते, त्यामुळे वय पाठीमागूनही ओळखता येतं.

रंगांचं म्हणाल, तर त्या झळाळीत हिरवा रंग भरलेला नाही. पिसातल्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो, त्यातून ती झाक दिसते. घरातलं मोरपीस उजेडाच्या दिशेने धरून आरपार बघा; निळा-हिरवा जातो आणि तपकिरी उरतो. खिडकीवरच्या पारव्याच्या मानेवरची हिरवी-जांभळी झाकही याच जातीची.

‘फक्त निकोबार’ हे नावावरून ठोकून दिलेलं. अंदमान-निकोबारपासून इंडोनेशिया, फिलिपिन्स ते थेट सॉलोमन बेटं आणि पलाऊपर्यंत याची वस्ती आहे.

मला खरा राग ‘परत आला’ या शब्दांचा आहे. हे कबूतर परत येत नाहीये, कमी होतंय. मादी एका वेळी एकच अंडं घालते. मांसासाठी, पाळण्यासाठी आणि पोटातल्या खड्यासाठी याला धरतात. कठीण बिया भरडणारा तो खडा दागिन्यांत घालतात. शिवाय ज्या बेटांवर ही कबुतरं निर्धास्त निजायची, तिथे माणसांमागोमाग उंदीर आणि मांजरं पोचली आहेत.