एक नग वाढीव

मार्च आला की आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये स्टॉक व्हेरिफिकेशन येतं. एक काका रजिस्टर घेऊन लॅबोलॅब फिरतात, खुर्च्या मोजतात, आणि प्रत्येक वस्तूवर नंबराचा स्टिकर आहे का बघतात. परवा आमची पाळी. खुर्च्या झाल्या, पंप झाले आणि काकांचं बोट एका ओळीवर येऊन थांबलं. 'क्रिस्टल, काळा, 1 नग.'

तो डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या यादीला, कोणी चढवला देव जाणे. खरं तर कन्झ्युमेबल, वापरून संपणारी वस्तू, पण परदेशातून आला, महाग पडला, म्हणून कुणीतरी इमानेइतबारे नोंद करून ठेवलेली.

"दाखवा."

मी मायक्रोस्कोपखालची डबी उघडली. आत अल्फा रुथेनियम ट्रायक्लोराइडचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा चकचकीत काळा पापुद्रा.

"स्टिकर कुठंय?"

"काका, स्टिकर याच्यापेक्षा मोठाय."

"मग याला स्टिकरवर चिकटवा."

मला वाटलं गंमत करतायत. पण त्यांनी खरंच स्टिकरचा कागद सोलायला घेतला! मी घाईघाईने म्हटलं, अहो हा साधा तुकडा नाही, क्वांटम मॅग्नेट आहे. चूक झाली. काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि डबीजवळ धरला. "ओढत नाही." मी म्हटलं, नाहीच ओढणार, याच्यातले स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे इवलेसे चुंबक, 7 केल्विनच्या खाली, म्हणजे उणे 266 सेल्सिअसला, वाकड्यातिकड्या रांगा लावून बसतात आणि एकमेकांना कॅन्सल करतात, इथे लॅबच्या उकाड्यात तर तेवढंही नाही. "मग रजिस्टरला मॅग्नेट लिहिलं नाही ते बरंच झालं," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

आता या तुकड्याचं मी करते काय ते सांगणं आलं. तर 1879 मध्ये एडविन हॉल नावाच्या माणसाने सोन्याच्या पातळ पत्र्यातून करंट सोडला, चुंबकीय क्षेत्र लावलं, आणि करंट जरासा बाजूला ढकलला जातो हे दाखवलं. ते ठीक आहे, इलेक्ट्रॉनवर चार्ज असतो, क्षेत्र त्याला ढकलतं. आमच्या क्रिस्टलमधून वीज वाहतच नाही. एका टोकाला हीटर लावायचा, उष्णता दुसऱ्या टोकाला जाणार, आणि तरी क्षेत्र लावल्यावर ती थोडी कडेला वळते, इतकी थोडी की दोन कडांच्या तापमानातला फरक अंशाचा हजारावा भाग, कधी त्याहून कमी. 2010 मध्ये टोकियोच्या लोकांनी ल्युटेशियम-व्हॅनेडियमच्या ऑक्साइडमध्ये हे दाखवलं होतं, तिथे वळत होते मॅग्नॉन, म्हणजे स्पिनच्या लाटा. ना चार्ज, ना काही.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे एसटीतून उतरलेली पब्लिक सरळ गेटकडे न जाता वडापावच्या गाडीकडे सरकते, कोणी न ढकलता. स्टँडची रचनाच तशी."

मला राग आला, कारण माझ्या सेमिनारमध्ये मी याहून वाईट सांगितलं होतं. मॅग्नॉनला वळवते ती क्रिस्टलच्या रचनेतून येणारी टोपोलॉजीच, म्हणजे लाटांच्या वाटांची गणिती घडण.

"पण याच्यात वळतंय नक्की कोण?"

बोट नेमकं दुखऱ्या नसेवर. कितायेव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने 2006 मध्ये कागदावर मांडलं की षटकोनी जाळीतला स्पिन फुटून मायोराना नावाचे कण निघू शकतात, आणि ते कडेने उष्णता नेतील ती ठरलेल्या क्वांटमच्या, म्हणजे निसर्गाने बांधून दिलेल्या मापाच्या, बरोब्बर अर्धी. 2018 मध्ये क्योटोच्या ग्रुपने नेचरमध्ये छापलं, याच क्रिस्टलमध्ये अर्धी सापडली. मग प्रिन्स्टनवाले म्हणाले, हे मायोराना नाहीत, मॅग्नॉनसारखे बोसॉन, म्हणजे वेगळ्याच जातीचे कण आहेत. शेरब्रुकवाले म्हणाले, फोनॉन, नुसती जाळीची थरथर. एका सॅम्पलमध्ये अर्धी येते, दुसऱ्यात येत नाही.

"म्हणजे चौकशी चालू आहे," काका म्हणाले. "आणि उरलेली अर्धी कुठे गेली, ते कुणी लिहून दिलंय का?"

मी उत्तर शोधत असताना त्यांनी बॉलपेनच्या टोकाने क्रिस्टल जरा इकडे सरकवला. नीट दिसावा म्हणून. या पदार्थाचे थर एकमेकांवर नुसते टेकलेले असतात, अभ्रकासारखे सुटतात. टिक झालं. पापुद्र्याचे दोन पापुद्रे.

मी काही बोलूच शकले नाही. काकांनी वाकून बघितलं, चष्मा वर केला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'प्रत्यक्षात 2 नग. 1 नग वाढीव.'

"काका, तुम्ही तोडलात तो!"

"मोडतोडीचा कॉलम वेगळा आहे, मॅडम. ही तूट नाही, वाढ आहे. खुलासा द्यावा लागेल."

आता हसू येतंय तुम्हाला, मला येत नाही. या पदार्थात थर वाकले, सरकले की रीडिंगचं काही खरं नाही, सॅम्पल-सॅम्पलमधल्या भांडणातला एक मोठा संशयित तोच. थंडाव्याला लागणाऱ्या हेलियमसाठी मी रांगेत होते, क्रायोस्टॅटचा, म्हणजे सॅम्पल गारठवणाऱ्या यंत्राचा, स्लॉट पुढच्या आठवड्यात होता, तो आता दुसऱ्या ग्रुपला गेला. फेलोशिप दिवाळीपासून आलेली नाही, त्याचं व्हेरिफिकेशन करायला कोणी रजिस्टर घेऊन फिरताना मला तरी दिसलं नाही. थिसिसच्या सबमिशनची तारीख मात्र स्टिकर लावल्यासारखी जिथल्या तिथे.

खुलासा लिहिला. 'सदर पदार्थ स्तरित असल्याने हाताळणीत विलग झाला.' गाइडनी न वाचता सही केली. काल तो स्टोअर्समधून परत आला, लाल पेनाने शेरा मारून, 'वाढीव नगाची किंमत नमूद करावी, व तो कोणत्या ग्रँटमधून घेतला ते कळवावे.'